मिरजेचा सांधा : बेळगाव स्टेशनवरून पंढरीला निघालेले 46 वारकरी

प्रकरण कशाचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली एक दिंडी. माणसं 46, त्यातली 29 साठीच्या पुढची. कार्तिकी एकादशी 2025 साठी बेळगावहून रेल्वेने पंढरपूरला जायचं, एकादशी करून परत यायचं. पैसे गोळा झालेले, पंढरपुरात मठात उतरायची सोय झालेली. तरीही जाताना निम्म्याहून जास्त माणसांची पुढची गाडी मिरजेत चुकली आणि सहा जणांचे तिकिटाचे पैसे बुडाले. ओळख पटू नये म्हणून गाव, गाड्यांची नावं आणि काही वेळा थोड्या बदलल्या आहेत. नियम दिले आहेत ते त्या वेळी लागू होते ते.

स्टेशन आणि त्याचा इतिहास

बेळगावहून पंढरपूरला जाताना मिरजेत का उतरावं लागतं, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

1876-78 च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये धान्य लवकर पोहोचावं म्हणून जे लोहमार्ग आखले गेले, त्यांत सदर्न मराठा रेल्वेचं जाळं होतं. कंपनी 1882 ची. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळीकडे जाणारी तिची मीटरगेज (एक मीटर रुंद रुळांची) लाईन त्याच दशकात झाली आणि बेळगाव स्टेशन तिच्यावरच उभं राहिलं. 1908 मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. 1951 मध्ये सदर्न रेल्वे, 1966 मध्ये दक्षिण मध्य आणि 1 एप्रिल 2003 पासून हुबळी मुख्यालयाची नैर्ऋत्य रेल्वे. पाटी बदलत गेली, स्टेशन तेच. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला अधिकृतपणे बेळगावी झालं, तरी स्टेशनचा कोड ‘बीजीएम’च आहे. फॉर्म भरताना कोड लिहिला की नावाच्या स्पेलिंगचा घोळ होत नाही.

पंढरपूरची लाईन मात्र वेगळ्या घराण्यातली. बार्शी लाईट रेल्वेची ही अडीच फुटी नॅरोगेज कुर्डुवाडीहून पंढरपूर करत 1927 मध्ये मिरजेला येऊन टेकली. पुणे-मिरज पट्टा 1971 च्या सुमारास ब्रॉडगेज झाला आणि मिरजेत तिन्ही गेज एकत्र आले. बेळगावचा माणूस मीटरगेजने मिरजेत उतरायचा. मुंबईला जायचं तर ब्रॉडगेज, पंढरीला जायचं तर नॅरोगेज. आजच्या सत्तरीतल्या वारकऱ्यांना तो प्रवास अजून पाठ आहे. मिरज-लोंढा पट्टा 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाला. पंढरपूर-मिरज पट्ट्याला त्यासाठी या शतकाचं पहिलं दशक सरेपर्यंत थांबावं लागलं.

आता सगळीकडे रूळ एकाच मापाचे आहेत. पण सांधा मिरजेतच राहिला, फक्त तो आता कारभाराचा आहे. बेळगावहून मिरजेच्या वेशीपर्यंत हुबळी विभाग, मिरज जंक्शन मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, आणि तिथून सांगोला, पंढरपूरकडे सोलापूर विभाग. पावणेतीनशे किलोमीटरच्या प्रवासात तीन कंट्रोल ऑफिसं. बेळगावहून येणाऱ्या गाडीला उशीर झाला तर पंढरपूरच्या गाडीने तिच्यासाठी थांबावं, असं बांधील कोणीच नाही. पुढचं सगळं प्रकरण इथूनच सुरू होतं.

बेळगावची नवी इमारत 27 फेब्रुवारी 2023 ला खुली झाली. लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरीकरणाचं लोकार्पणही त्याच दिवशी झालं. स्टेशन देखणं झालं आहे, यात वाद नाही. दिंडीला मात्र स्टेशनचे तीनच कोपरे लागले: आरक्षणाची खिडकी, साध्या तिकिटांची खिडकी आणि पार्सल ऑफिस.

अडचण

आधीची बरीच वर्षं ही दिंडी साध्या डब्यातून जात आली. आदल्या कार्तिकीला मिरजेत गर्दीत दोन आजींना उतरताच आलं नाही. त्यांना पुढच्या स्टेशनवर उतरवून परत आणावं लागलं. त्यामुळे यंदा किमान म्हाताऱ्या माणसांचं आरक्षण करायचं, असं ठरलं.

निघायचा दिवस 31 ऑक्टोबर. तो विचार करूनच धरला होता. 1 नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन. त्या दिवशी सामान घेऊन स्टेशनजवळच्या गोगटे सर्कलपर्यंत पोहोचायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. परतीचा दिवस 3 नोव्हेंबर.

1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. म्हणजे 31 ऑक्टोबरचं आरक्षण 1 सप्टेंबरला सकाळी 8 वाजता उघडणार होतं आणि 3 नोव्हेंबरचं 4 सप्टेंबरला. 1 सप्टेंबर हा नेमका गौरीपूजनाचा दिवस. घराघरात पुरणाचा घाट, पाहुणे. दोन महिन्यांनंतरच्या तिकिटासाठी त्या दिवशी बेळगावला जायला कोणी तयार होईना. ‘4 तारखेला जाऊ, जायचं-यायचं एकदमच काढू, एक खेप वाचेल’ असं ठरलं.

हा पहिला निर्णय. बाहेरून शहाणपणाचा वाटतो, पण पुढची निम्मी अडचण त्यातूनच आली. 4 तारखेपर्यंत जायच्या गाडीत स्लीपरच्या 24 जागा उरल्या होत्या. त्यापुढे वेटिंग, तेही पूल्ड कोट्याचं. गाडी लांबून येणारी, बेळगाव मधलं स्टेशन. मधल्या स्टेशनांना मिळून एक छोटा कोटा असतो आणि त्यातलं वेटिंग फारसं हलत नाही. गाडी सुटते त्या स्टेशनवर वेटिंग 30 असेल तरी आशा धरता येते, इथे 10 वर सुद्धा धरू नये.

कोणते पर्याय होते

46 जणांचं वेटिंगसह काढणं. लगेच बाद झालं. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही, मग ते खिडकीवर काढलेलं असो वा मोबाइलवर. सकाळच्या गाडीचा चार्ट, म्हणजे जागा मिळालेल्यांची यादी, आदल्या रात्री लागतो. म्हणजे रात्री 9 नंतर 22 जणांना ‘तुमचं झालं नाही’ असं सांगायची वेळ आली असती.

तत्काळ. एका तिकिटावर चौघेच, आदल्या दिवशी 11 वाजता, जुलै 2025 च्या नियमाने खिडकीवरही मोबाइलवर येणारा ओटीपी. निश्चित झालेलं तत्काळ रद्द केलं तर पैसे परत नाहीत. 22 माणसांसाठी सहा फॉर्म, सहा ओटीपी आणि चार-पाच मिनिटांत संपणाऱ्या जागा. हे जमणार नव्हतं.

पूर्ण डबा घेणं. फुल टॅरिफ रेटवर, म्हणजे सवलतीशिवाय पूर्ण भाड्यात, डबा मिळतो, रेल्वेच्याच आयआरसीटीसी कंपनीकडे किमान 30 दिवस आधी मागणी आणि डब्यामागे 50,000 रुपये अनामत. 46 माणसांना तो आतबट्ट्याचाच. आणि अशा डब्यात यात्रेकरूंना चुलीचा मोह होतो. 26 ऑगस्ट 2023 ला मदुराई स्टेशनवर उभ्या असलेल्या अशाच खासगी डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ यात्रेकरू गेले. दिंडीतल्या एकाने ही बातमी वाचलेली होती. चर्चा तिथेच थांबली.

खासगी बस. हिशेबाने परवडणारी, दारातून दारापर्यंत. पण दुसऱ्या राज्यात जायचा तात्पुरता परवाना लागतो. शिवाय सीमाभागात वातावरण तापलं की आधी थांबतात त्या दोन्ही बाजूंच्या बसगाड्या, आणि मुहूर्त 1 नोव्हेंबरच्या आसपासचा. रेल्वे कधी थांबत नाही, हा इथला अनुभव आहे. बहुतेकांचं मत रेल्वेलाच पडलं.

थेट गाडी. बेळगाववरून पंढरपूरला थेट जाणारी रोजची गाडी नाही. जी आहे तिचा वार जुळला नाही.

उरला तो पर्याय म्हणजे दोन तुकड्या. 24 जणांचं आरक्षण, त्यात सगळे थकलेले आणि सोबतीला दोन तरणे. बाकी 22 तरणे आणि धडधाकट साध्या डब्यातून.

खिडकीवर काय झालं

एका आरक्षण फॉर्मवर सहाच प्रवासी लिहिता येतात. 24 जणांचे चार फॉर्म, तेही दोन गाड्यांचे, म्हणजे बेळगाव-मिरज चार आणि मिरज-पंढरपूर चार. परतीला पंढरपूर-मिरज साध्या गाडीने यायचं ठरलं होतं. फक्त मिरज-बेळगावचं सगळ्या 46 जणांचं आरक्षण करायचं होतं, त्याचे आठ. एकूण सोळा. रांगेत चौघे होते. पहिल्याने गठ्ठा पुढे केला तेव्हा खिडकीतून उत्तर आलं : “काका, एका माणसाला एकच फॉर्म. पुढच्या गाडीचा आणि परतीचा तेवढा जोडून द्या.” म्हणजे दर खेपेला तीन फॉर्म, मग पुन्हा रांगेच्या शेवटी. साडेआठला सुरू झालेलं काम सव्वाअकराला संपलं. गटाचं आरक्षण यादी जोडून लेखी अर्जावरही होतं, पण त्यासाठी आरक्षण पर्यवेक्षकाला आधी भेटावं लागतं. ते कोणाला ठाऊक नव्हतं.

परतीचं सगळ्यांचं निश्चित झालं, कारण ती खिडकी त्याच दिवशी उघडली होती. 1 तारखेला कोणी गेलं असतं तर काय झालं असतं, याचा दाखला त्याच खिडकीवर हातात पडला.

इथे तीन चुका झाल्या. तिन्ही अगदी साध्या, आणि म्हणूनच सांगण्यासारख्या.

पहिली. प्रत्येक फॉर्मवर सहा म्हातारी माणसं एकत्र घातली. ज्येष्ठ पुरुष (60 पासून) आणि 45 पासूनच्या महिला यांचा खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन प्रवासी असतील तरच लागू होतो. सहा जणांच्या तिकिटावर मशीन मिळतील ते बर्थ देतं. गुडघे दुखणाऱ्या चार आजींना वरचे बर्थ मिळाले. दिवसाचा प्रवास म्हणून निभावलं.

दुसरी. बेळगाव-मिरज साधारण 138 किलोमीटर, मिरज-पंढरपूरही जवळपास तेवढंच. स्लीपरला किमान 200 किलोमीटरचं भाडं घेतात. दोन वेगळी तिकिटं काढली, म्हणजे प्रत्येकाने 400 किलोमीटरचे पैसे भरून पावणेतीनशेचा प्रवास केला. दोन्ही गाड्यांचं आरक्षण दाखवणारं एकच सलग तिकीट खिडकीवर मागता येतं. भाडं एकूण अंतरावर बसतं आणि ते टप्प्याटप्प्याने कमी होत जातं. कारकून आपणहून सुचवत नाही, कारण त्याला ते जास्त वेळखाऊ पडतं. आपण मागायचं असतं.

तिसरी सगळ्यात महाग पडली. दोन वेगळी तिकिटं असतील तर त्यांचे पीएनआर (तिकिटावरचे आरक्षण क्रमांक) जोडून घेता येतात. 1 एप्रिल 2019 पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचं भाडं रद्द करण्याचे पैसे न कापता परत मिळतं. अटी दोन. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील तंतोतंत तोच हवा, आणि पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांत तिकीट परत करायचं. कोणीतरी आठवणीने मागणी केली आणि खिडकीवर जोडून दिलं. चारपैकी तीन जोड्या जुळल्या, चौथी जुळली नाही. दोन्ही फॉर्म देवनागरीत भरलेले होते. खिडकीवरचा माणूस कन्नड. एका तिकिटावर लक्ष्मीबाईंच्या नावात त्याने ‘एक्स’ टाकला, दुसऱ्यावर ‘के-एस-एच’. मशीनच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. एका नावापायी सहा जणांची जोडी तुटली. तिकीट हातात आल्यावर खिडकीसमोरच दोन्ही कागद शेजारी धरून नावं, वय, लिंग वाचलं असतं तर दोन मिनिटांत दुरुस्ती झाली असती. मागे रांग कुरकुरत होती, तिकिटं पिशवीत गेली.

आणि एक गैरसमज. पीएनआर जोडले म्हणजे पुढच्या कुठल्याही गाडीत जागा मिळेल, असं बहुतेकांना वाटत होतं. जोडणीने पैसे परत मिळतात, जागा मिळत नाही.

बाकीच्या 22 जणांसाठी बेळगाव-पंढरपूर मार्गे मिरज अशी सलग साधी तिकिटं काढायची होती. अंतर 200 किलोमीटरच्या वर असेल तर साधं तिकीट तीन दिवस आधी मिळतं. ती 28 ऑक्टोबरला निवांत काढून ठेवली.

सामान

पखवाज दोन, वीणा एक, टाळांच्या पिशव्या, पताका आणि स्वयंपाकाची भांडी. पहिल्या यादीत दोन मोठी पातेली, परात, कढई, शेगडी आणि छोटा सिलिंडर होता. सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल काहीही डब्यात किंवा पार्सलमध्ये चालत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शेगडी-सिलिंडर घरी राहिले, चूल मठातली वापरायची ठरली.

वजनाचा प्रश्न नव्हता. स्लीपरला माणशी 40 किलो आणि साध्या डब्यात 35 किलो फुकट नेता येतं. एवढं कोणाचंच नव्हतं. अडचण आकाराची आणि उतरायला मिळणाऱ्या वेळाची. पातेलं दारात अडकलं की मागची वीस माणसं अडतात. पार्सल ऑफिसात चौकशी झाली. सामान ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, घालता येतं, गाडीच्या किमान अर्धा तास आधी आणायचं, शिवून-बांधून नाव-पत्त्याची चिठ्ठी लावायची. पण मिरजेत ते एका गाडीतून उतरून दुसरीत चढायला हवं, आणि ते आपल्याच गाडीत चढेल याची हमी नाही. एकादशी झाल्यावर पातेलं पोहोचून काय उपयोग? मोठी भांडी पंढरपुरात भाड्याने घेतली. या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय.

31 ऑक्टोबर

तरण्यांची तुकडी पहाटे आधीच्या साध्या गाडीने गेली. रिकाम्या डब्यात बसून गेली म्हणाली तरी चालेल. गाडी वेळेवर मिरजेत, तिथून कुर्डुवाडीकडची साधी गाडी, आणि दुपारच्या आत पंढरपूर.

24 जणांची गाडी मिरजेत सव्वाआठला पोहोचणार होती. पंढरपूरची आरक्षित गाडी दहाला पाच मिनिटं कमी असताना. हातात एक तास चाळीस मिनिटं. कागदावर भरपूर. बेळगावातच गाडी 50 मिनिटं उशिरा आली. लांबून येणारी गाडी सकाळी आपल्या स्टेशनवर येते तेव्हा रात्रभरातला उशीर सोबत घेऊनच येते. आणि एकदा वेळापत्रकातून निसटलेली गाडी पुढे आणखी निसटते, कारण वेळेवर असलेल्या गाड्यांना वाट दिली जाते. रायबागला सव्वातास उशीर झाला होता. विजयनगरला, मिरजेच्या उंबरठ्यावर, गाडी 35 मिनिटं सिग्नलला उभी राहिली. मिरजेत फलाट मोकळा नव्हता.

उशिराचा अंदाज बेळगावातच आला होता. मग करता काय आलं असतं? फारसं काही नाही. आरक्षण सोडून साध्या गाडीत बसायचं तर ती तोवर गेली होती. खरा प्रश्न दोन महिन्यांपूर्वीचा. ही गाडी आधीचे पंधरा-वीस दिवस मिरजेत किती वाजता पोहोचत होती, हे रेल्वेच्या धावत्या गाड्यांच्या ॲपवर रोज पाहून ठेवता आलं असतं. वेळापत्रकातलं अंतर आणि प्रत्यक्षातलं अंतर यांतला फरक तिथे दिसतो.

गाडी 10 वाजून 40 मिनिटांनी मिरजेत लागली. पंढरपूरची पाऊण तास आधी सुटली होती.

मिरजेचे तीन तास

आता वयानुसार केलेली वाटणी अंगावर आली. 24 म्हाताऱ्या माणसांत तरणे दोनच. सामान उतरवणं, माणसं मोजणं, दादऱ्यावरून पलीकडे नेणं, खिडकी शोधणं, सगळं त्या दोघांवर. एका आजोबांना चाकाची खुर्ची हवी होती. ती स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात मागायला जावं लागतं, ओळखपत्र ठेवावं लागतं आणि ढकलायला आपला माणूस लागतो. म्हणजे दोघांतला एक तिथेच गुंतला. आदल्या संध्याकाळी रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर सांगून ठेवलं असतं तर निदान शोधाशोध वाचली असती.

पहिली पाऊण तास पुढच्या गाडीत जागा मिळवण्याच्या खटपटीत गेली. चौकशी, तिकीट तपासनीस, पुन्हा चौकशी. सगळीकडे एकच उत्तर. साडेअकराला कोणीतरी म्हणालं, “माउली, जागेचं सोडा, आधी पैसे परत घ्या. तीन तासांची मुदत आहे.” 10.40 पासून मोजलं तर 1.40 पर्यंत. दोघांपैकी एक पावणेबाराला रांगेत लागला आणि साडेबाराला खिडकीशी पोहोचला. तीन जोड्यांचे, म्हणजे 18 जणांचे पुढच्या भागाचे पैसे रोख परत मिळाले. लक्ष्मीबाईंच्या तिकिटावरचे सहा जण राहिले. जोडणी नसलेलं निश्चित तिकीट, गाडी सुटून गेलेली, परतावा नाही. कारकुनाची त्यात चूक नव्हती, त्याच्यासमोर दोन स्वतंत्र प्रवास होते.

मग साध्या खिडकीवर 24 तिकिटं पंढरपूरची. एकादशीसाठी सोडलेली मिरज-कुर्डुवाडी विशेष गाडी अडीचला होती. ती मिरजेतूनच सुटते, त्यामुळे दीड वाजता रिकामी फलाटावर लागली आणि सगळ्यांना बसायला जागा मिळाली. सहाच्या सुमारास पंढरपूर. तोवर पहिल्या तुकडीने मठात जागा धरून पिठलं-भात करून ठेवला होता.

काय हाती लागलं

सगळे पोहोचले, एकादशी झाली, परतीला मिरज-बेळगाव निश्चित जागांवर आले. नुकसान सहा जणांच्या मिरज-पंढरपूर भाड्याचं. शिवाय 24 जणांनी दोनदा किमान भाडं भरलं होतं, त्यातलं 18 जणांचं दुसरं भाडं परत आलं म्हणून निभावलं. हा दुसरा खर्च कोणाच्या हिशेबात आला नव्हता.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना बोचली. सगळ्यात स्वस्त तिकीट ज्यांच्याकडे होतं, ते सगळ्यात मोकळे होते. साध्या सलग तिकिटाला गाडीचं बंधन नाही, ही चुकली तर ती. आरक्षित तिकीट एका गाडीला बांधलेलं, ती गेली की तिकीटही गेलं. मिरजेला गाडी बदलायची असेल तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

पुढच्या खेपेला काय बदलायचं

दिंडीच्या बैठकीत ठरलं ते असं. आरक्षण फक्त बेळगाव-मिरज करायचं, म्हाताऱ्यांना दाटीत चढायला लागतं ते तिथेच. मिरज-पंढरपूरला विशेष साधी गाडी, कारण ती तिथूनच सुटते आणि जागा मिळते. ज्यांना दोन्हीकडे आरक्षण हवंच, त्यांनी एकच सलग तिकीट मागायचं. त्यावर जोडगाडी चुकली तरी उरलेल्या भागाचं भाडं तीन तासांत मागता येतं, पीएनआर जोडण्याची भानगडच नाही. नावं आधारवरच्या इंग्रजी स्पेलिंगने, ठळक अक्षरांत, एकाच यादीवरून उतरवायची. ज्यांना खालचा बर्थ लागतो त्यांचे फॉर्म दोघादोघांचे. फॉर्मची संख्या वाढेल, रांगेत माणसं वाढवू. सहा थकलेल्यांमागे एक तरणा, वयाने वाटणी नाही.

मिरजेत किती वेळ ठेवायचा यावर मात्र एकमत झालं नाही. काहींच्या मते तीन तास, काहींच्या मते आदल्या रात्रीच मिरजेत उतरून मुक्काम करावा. थंडीत फलाटावर रात्र काढायला म्हातारी माणसं नेणं हा काही उपाय नव्हे, असं आम्हालाही वाटतं. तीन तास ठीक.

राहिला तारखेचा प्रश्न. गौरीच्या दिवशी खिडकी उघडली हा यंदाचा योगायोग नव्हता. भाद्रपद शुद्धातून कार्तिक शुद्धात जायला दोन चांद्रमास लागतात, म्हणजे 59 दिवस. आरक्षण उघडतं 60 दिवस आधी. कार्तिक शुद्ध नवमीला निघायचं असेल तर खिडकी भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या आसपासच उघडणार. मध्ये अधिक महिना आला नाही, तर दरवर्षी गौरी घरात असतानाच. म्हणून रांगेत उभं राहायचं काम आता दोघांकडे दिलं आहे. दोघांच्याही घरी गौर बसत नाही.